वॉरगेममधले हुकूम आणि रसद: खरेपणा कितपत हवा?

तोफखाना:
वॉटर्लूच्या मोहिमेवरचे वॉरगेम, म्हणजे टेबलावर नकाशा मांडून खेळायचे युद्धाचे खेळ, मला एका जागी हमखास खटकतात. १६ जून १८१५ ला नेपोलियनचा सेनापती देर्लों याची सुमारे २०,००० माणसांची कोर (सैन्याचा मोठा विभाग) लिनी आणि कात्र-ब्रा या दोन लढायांच्या मधे नुसती चालत राहिली. तिला लिनीकडे वळवलं गेलं, कात्र-ब्राला लढणाऱ्या मार्शल ने याने परत बोलावलं, आणि अंधार पडेपर्यंत तिचा उपयोग ना इकडे झाला ना तिकडे. टेबलावर हे कसं घडणार? खेळाडूला अख्खा नकाशा दिसतो, काउंटर (तुकडीची सोंगटी) उचलला की हव्या त्या हेक्सवर (नकाशावरच्या षटकोनी घरावर)!

हुकूम उशिरा पोचण्याचे नियम बहुतेक वेळा 'ऐच्छिक' म्हणून शेवटच्या पानावर ढकललेले असतात. ते मूळ नियमांतच हवेत. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ मध्ये क्रीगश्पील हा युद्धाचा खेळ मांडला, त्यात लेखी हुकूम पंचाच्या हाती जायचे आणि शत्रूचं जेवढं दिसणं शक्य आहे तेवढंच खेळाडूला दाखवलं जायचं.

घोडदळ:
अजिबात पटलं नाही. रविवारी दोघं खेळायला बसतात, पंच कुठून आणायचा? मग त्याच्या जागी फासा येतो: चार पडले नाहीत तर कोर जागची हलणार नाही. पण देर्लों बसून नव्हता हो, चालत होता! फाशाने त्याला खिळवून ठेवलं तर तो इतिहासही खोटाच.

कोठीवाला:
हुकुमांवर एवढं बोलताय, रसदीचे हाल त्याहून वाईट आहेत. एक तर 'पुरवठा आहे किंवा नाही': दहाव्या हेक्सपर्यंत पोट भरलेलं, अकराव्यात उपासमार. नाहीतर एसपीआय या वॉरगेम काढणाऱ्या कंपनीचा १९७९ चा 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका', ज्यात इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जादा पाणी लागतं. इंधन उडून जाण्याचा नियम मी समजू शकतो, ब्रिटिशांचे पत्र्याचे डबे खरोखर गळायचे. पास्त्याने तिथल्या जर्मन सेनापती रोमेलचा कुठला निर्णय बदलला? त्याला नडलं ते अंतर. त्रिपोलीहून बेनगाझीच हजारेक किलोमीटर, आणि पुढे इंधन नेणारे ट्रक वाटेत स्वतःच इंधन पिणार. एवढं एक गणित नियमात आलं तरी मला पुरे.

तोफखाना:
घोडदळ, फासा मलाही नकोय. हुकूम दोन टर्न आधी कागदावर लिहून ठेवायचा, आणि नवा पोचेपर्यंत तुकडीने जुनाच पाळायचा. पंच नको, आणि देर्लों आपोआप चालत राहतो.

घोडदळ:
आणि प्रत्येक काउंटरमागे एक चिठ्ठी! मी सेनापती व्हायला बसतो, कारकून नाही. तुमची पद्धत पानिपतावर लावून बघा. १७ ऑक्टोबर १७६० ला भाऊंनी कुंजपुरा घेतला, धान्य हाती आलं. त्याच महिन्यात अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. तिथून १४ जानेवारीपर्यंत सवाल एकच: छावणीतून बाहेर कधी पडायचं? त्याला धान्य आणि जनावरं अशा दोन पट्ट्या पुरतात.

कोठीवाला:
पट्ट्या उघड्या ठेवल्या की खेळाडू पहिल्याच दिवशी हिशेब मांडणार, अमुक टर्नला दाणा संपतो, त्याच्या तीन टर्न आधी निघू. भाऊंना एवढी खात्री होती का? शिल्लक झाकून ठेवायला हवी.

घोडदळ:
कोठारात काय उरलंय ते भाऊंना दिसत होतंच की. ठाऊक नव्हतं ते बाहेरून काही येईल की नाही. दुआबात अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, ती आशाही गेली. झाकायचं तर ते झाका.

तोफखाना:
म्हणजे गोविंदपंतांकडे काय चाललंय हे भाऊंच्या खेळाडूला उशिरा कळायला हवं. मी पहिल्यापासून हेच मागतोय.

घोडदळ:
बातमी उशिरा कळू दे, मान्य. स्वतःच्या छावणीतल्या हुकुमाला मात्र मी दोन टर्न थांबणार नाही.