वाशी: नव्या एसयूव्हीच्या काचांना सनफिल्म लावायची आहे, सल्ला हवा (बजेट ८,०००)

मीठलिंबू
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये नवीन कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, पांढरी. घर वाशीला, ऑफिस बेलापूरला. जाताना लेकीला नेरुळला आजीकडे सोडायचं, येताना उचलायचं. सगळा प्रवास पामबीच रोडने. लेक चार वर्षांची आहे, तिची सीट मागे डावीकडे लावली आहे. सकाळी ऊन तिच्याच तोंडावर, संध्याकाळीही तिच्याच तोंडावर. ‘सूर्य मला बघतोय’ म्हणून रोज रडारड. परवा तर टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती.
प्रश्न असे: फिल्म लावलेली चालते का? कुठली लावावी? वाशी, सानपाडा, तुर्भे पट्ट्यात नीट काम करणारं दुकान कुठलं? बजेट ८,०००, ओढूनताणून ९. काळी काच नकोच आहे. चौकात पोलिसांशी हुज्जत घालायची घरात कोणाचीच तयारी नाही.

फॉर्च्युनी_पाटील
भाऊ, ८ हजारात काय येतं? माझ्या गाडीला फुल सिरॅमिक फिल्म (बारीक सिरॅमिक कणांची, उष्णता अडवणारी) केली, पुढच्या मोठ्या काचेसकट ४६ हजार. मे महिन्यात मुंब्रा बायपासला दोन तास अडकलो होतो, एसी एकवर होता, मागे मंडळी शाल मागत होती. एकदाच खर्च करा आणि विसरा.

कळवेकर_कांचन
सिरॅमिकला +१. आमच्या जावेच्या गाडीला आहे, फरक पडतो. कंपनी आठवत नाही, विचारून सांगते.

तीन_हात_नाका
कुठलीही फिल्म लावू नका. सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिलाय आणि ४ मेपासून फिल्म बंद आहे. कितीही टक्के पारदर्शक असली तरी बंद. हौस म्हणून सांगत नाही. त्या मे महिन्यात माजिवड्याला भर उन्हात रस्त्याकडेला उभं राहून मी स्वतःच्या हाताने ब्लेडने फिल्म खरवडली आहे. हवालदार सावलीत उभा राहून ‘तो कोपरा राहिला’ म्हणून दाखवत होता. गोंद निघायला पुढे तीन दिवस आणि अर्धी बाटली रॉकेल लागलं. ते ब्लेड अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय.

उन्हाळी_वांगं
रॉकेल? काचेवर? धन्य.

तीन_हात_नाका
निघालं ना पण.

निकालपत्र
अर्धवट माहितीवर घाबरवू नका. क्रमाने सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १००. पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के प्रकाश आत सोडणारी हवी, बाजूच्या काचा किमान ५० टक्के. २०१२ च्या निकालाचं म्हणणं असं की ही पारदर्शकता काच बनतानाच असली पाहिजे, वरून काहीही चिकटवायचं नाही. तिथपर्यंत तीन_हात_नाका यांचं बरोबर. पण पुढे नियम बदलला. १ एप्रिल २०२१ पासून नियमात ‘सेफ्टी ग्लास’बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं, आणि त्यात आतून प्लास्टिकचा थर असलेली काच बसते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७०/५० चं प्रमाण पाळलं असेल तर फिल्मसाठी दंड करता येणार नाही.
तरीही तो निकाल केरळचा. इथल्या चौकात तो दाखवून किती उपयोग होईल, ते समोरच्या माणसावर. दंड कलम १७७ खाली: पहिल्यांदा ५००, नंतर १,५००.

तीन_हात_नाका
म्हणजे सुप्रीम कोर्टापेक्षा केरळ मोठं झालं? वा.

निकालपत्र
मोठं-लहान नाही हो. ज्या नियमावर २०१२ चा निकाल होता तो नियमच बदलला, एवढंच. परत वाचा.

तीन_हात_नाका
वाचलं. ब्लेड माझ्या हातात होतं, तुमच्या नव्हतं.

टर्बो_बंड्या
एवढा कायदा कशाला. शिळफाट्याला बघा, काळ्याकुट्ट काचा, नंबर प्लेटवर आकड्यांचं ‘दादा’ केलेलं, त्यांना कोण अडवतं? अडवतात आपल्यासारख्यांना, ते पण हेल्मेटसाठी.

उन्हाळी_वांगं
बंड्या, गाडीत हेल्मेट?

टर्बो_बंड्या
बाईकचं म्हणतोय रे.

गुणाकार
धागाकर्त्यासाठी एक कामाची गोष्ट, कारण दुकानात हे कोणी सांगणार नाही. फिल्मच्या टक्क्यांचा काचेच्या टक्क्यांशी गुणाकार होतो. कंपनीतून येणारी काच हिरवट असते, तीच मुळात १०० टक्के नसते. ती ७५ धरा. त्यावर ५० ची (म्हणजे ५० टक्के प्रकाश आत सोडणारी) फिल्म लावली की ०.७५ × ०.५० = साडेसदतीस टक्के. म्हणजे दुकानदार ‘५० ची आहे, लीगल आहे’ म्हणत असेल तरी बाजूच्या काचेला ती बसत नाही. ७० ची लावली तर साडेबावन्न, जेमतेम पास. आणि पुढच्या काचेला ७० ची फिल्म लावली तर तिथे ७० हवेत आणि उरतात साडेबावन्न. पुढच्या काचेच्या भानगडीत पडूच नका. दुकानात प्रकाश मोजायचा मीटर असेल तर आधी नुसती काच मोजायला लावा. मीटर नसेल तर दुसरं दुकान बघा.

फॉर्च्युनी_पाटील
माझ्या पुढच्या काचेला आहे, आजपर्यंत कोणी हात दाखवला नाही.

गुणाकार
पाटील, तुमची गाडी बघून हात कोण दाखवेल.

स्वस्तात_मस्त
८ हजार पण जास्त आहेत. मी २,२०० मध्ये सगळ्या काचा केल्या होत्या. दुकानाचं नाव देत नाही कारण आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. एक नंबर काम. फक्त सव्वा वर्षात जांभळी झाली आणि मागच्या काचेवर बुडबुडे आले. काढायला गेलो तर फिल्मबरोबर डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारांच्या) दोन रेघा पण निघाल्या. पावसाळ्यात मागचं दिसत नाही, पण तसंही मागे बघतो कोण.

कळवेकर_कांचन
जावेला विचारलं. तिलाही आठवत नाही. पण सिरॅमिकच आहे.

मीठलिंबू
सगळ्यांचे आभार. पाटील, भाऊ नाही, ताई. आणि बजेट ८,०००.

फॉर्च्युनी_पाटील
माफ करा ताई. पण ४६ हजार एकदाच जातात. दहा वर्षांवर भाग घाला, महिन्याला चारशे पण पडत नाहीत.

दिव्याखाली_अंधार
दुकानात गेलात की तुम्हाला लाल दिव्यासमोर बसवतील. मधे साधी काच धरतील, हात भाजेल. मग फिल्मवाली धरतील, गार वाटेल. मग आकडा सांगतील, ‘मॅडम, ९७ टक्के उष्णता अडवते’. तो आकडा बहुतेक वेळा फक्त अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा असतो, आणि त्यातही ठरावीक पट्ट्याचा. उन्हाच्या उष्णतेत अवरक्त साधारण निम्मं, बाकी बराचसा भाग दिसणाऱ्या प्रकाशाचाच असतो. म्हणून विचारायचं ते टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते. स्वच्छ दिसणाऱ्या चांगल्या ७० च्या फिल्मचं ते ४०–५० च्या आसपास असतं. म्हणजे ९७ ऐकून आलेला माणूस घरी जाऊन म्हणणार की फसवलं, आणि लावणारा म्हणणार की दिव्यासमोर तर बरोबर होतं. दोघंही खरं बोलत असतात.
काळी म्हणजे गार, असंही नाही. साधी रंगाची काळी फिल्म ऊन स्वतः पिते, काच तापते आणि ती उष्णता आत सोडते.
आपल्याकडच्या कंपन्याही आहेत. गरवारेचे कारखाने छत्रपती संभाजीनगरला आहेत. बाहेरच्या ब्रँडपेक्षा स्वस्तात पडतं. बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

टर्बो_बंड्या
मेटलवाली, म्हणजे धातूचा थर असलेली फिल्म घेऊ नका, फास्टॅग वाचत नाही. माझ्या मित्राचं झालंय.

उन्हाळी_वांगं
वाशीचा टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे. आणि पामबीचला टोल नाही.

टर्बो_बंड्या
अटल सेतूला लागतो की.

उन्हाळी_वांगं
त्या नेरुळला आजीकडे जातात, अलिबागला नाही.

निकालपत्र
टोल माफ असला तरी फास्टॅग काढून टाकू नका, बाकी महामार्गांवर लागतो. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

दिशाहीन
सगळे फिल्मच्या मागे लागलेत, कोणी नकाशा बघितला का? वाशीहून बेलापूरला जाताना गाडी साधारण दक्षिणेकडे असते, पूर्व डावीकडे. सकाळचं ऊन डोंगराच्या बाजूने येतं, डावीकडून. संध्याकाळी परत येताना तोंड उत्तरेला, पश्चिम डावीकडे. ऊन खाडीच्या बाजूने, परत डावीकडूनच. मूल डावीकडे बसलंय. सीट उजवीकडे घ्या. खर्च शून्य.

गुणाकार
हे मला का नाही सुचलं.

नेरुळचे_आबा
दिशाहीन यांचं म्हणणं ठीक आहे, पण लहान मूल उजव्या दाराने म्हणजे रस्त्याच्या बाजूने उतरणार. पामबीचला गाड्या कशा येतात माहीत आहे ना? मूल नेहमी फुटपाथच्या बाजूला. आमच्या फियाटला कॉटनचे पडदे होते, हिने शिवलेले. ठाण्याहून चिपळूणला जायचो, मुलं गाढ झोपायची. एसी नव्हता, सिरॅमिक नव्हतं.

उन्हाळी_वांगं
आबा, पडदे पण चालत नाहीत आता. २०१२ च्या निकालात काळ्या फिल्मबरोबर ‘इतर कोणतीही वस्तू’ असं आहे.

नेरुळचे_आबा
मग टोपी घाला मुलीला.

सायली_ऐरोली
साडेतीनशेची जाळी मिळते, मोज्यासारखी दारावर चढवायची. माझ्या मुलाचं बालपण त्यातच गेलं. ठाण्यात एकदा अडवलं होतं, ‘मॅडम काढा’ म्हणाले, काढली, पुढच्या सिग्नलला परत चढवली. काच खाली केली तरी डास येत नाहीत, हा फायदा वेगळा. मात्र रात्री पावसात डाव्या आरशात काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून पुढच्या दाराला लावू नका.

कळवेकर_कांचन
जाळीला +१. जावेकडे तीही आहे.

स्वस्तात_मस्त
कुर्ल्याला सीएसटी रोडला जा, निम्म्या भावात होईल.

दिव्याखाली_अंधार
वाशीहून कुर्ल्याला जायचं, दिवस मोडायचा, आणि तक्रार असली की परत जायचं. लावणारा हात घराजवळचाच असावा. फिल्म कुठलीही घ्या, कडेला कापणी वाकडी झाली की वर्षभरात सुटायला लागते. लावायच्या आधी त्याने पूर्वी केलेली एखादी गाडी दाखवायला सांगा आणि काचेची वरची कड बघा.

फॉर्च्युनी_पाटील
माझी बघायला या. रविवारी घरीच असतो.

मीठलिंबू
मंडळी, झालं काम.
शनिवारी सानपाड्याला गेलो. दिव्यासमोर बसवलं, ९७ सांगितलं, मी टीएसईआर विचारलं. त्याने आतून मालकाला बोलावलं. मालकाने मुकाट्याने कागद काढला, ४५ होतं. मीटर होता. नुसती काच ७६ भरली. मग ७० ची सिरॅमिक घेतली, पण फक्त डाव्या बाजूच्या दोन दारांना. लावल्यावर ५३ आलं, मीटरचा फोटो काढून ठेवलाय. ४,२०० झाले, बिलासकट.

गुणाकार
एकाच बाजूला???

फॉर्च्युनी_पाटील
ताई, एकाच बाजूला गाडी विचित्र दिसेल. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक विचारेल.

मीठलिंबू
७० ची आहे, बाहेरून कळत पण नाही. उजवीकडे ऊन येतच नाही तर उजवीकडे पैसे का घालू? दिशाहीन यांचा नकाशा पटला, पण आजी गेटपाशी डावीकडे उभी असते, म्हणून सीट हलवली नाही. सूर्यावरच पैसे घातले.
दोन दिवसांचा अनुभव: ऊन दिसतं, पण चावत नाही, हे लेकीचं मत. टॉवेल अजून लागतो, आता बाहुलीसाठी.

दिशाहीन
माझा सल्ला फुकट होता, त्याचे ४,२०० कसे झाले ते कळलं नाही.

निकालपत्र
मीटरचा फोटो आणि बिल गाडीत ठेवा. मोबाईलमध्ये नको, छापून.

दिव्याखाली_अंधार
चार-पाच दिवस ती काच खाली करू नका हां. आत थोडं पाणी असतं, धुरकट दिसेल, दोन-तीन आठवड्यांत जाईल.

मीठलिंबू
उशीर झाला. काल सकाळी आजीला टाटा करायला तिने काच सर्रकन खाली केली. वर घेतली तर वरच्या कडेला बोटभर सुरकुती. दुकानवाला म्हणतो, या, दाबून बसते का बघू.

सायली_ऐरोली
ड्रायव्हरच्या दारावर मागच्या काचा बंद ठेवायचं बटण असतं, ते दाबून ठेवा. मला मूल दहा वर्षांचं झाल्यावर कळलं.

तीन_हात_नाका
नाहीच बसली तर कळवा. ब्लेड आहे.