उत्तर: तीच रेड ब्लेंड आता गप्प का?

काही वर्षांपूर्वी मस्त लागलेली रेड ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांची मिश्र लाल वाईन, आता उघडली तर वासच येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर बूच खराब, विषय संपला. तसं नसेल तर घाबरू नका. कॅबर्ने सोव्हिन्यो आणि मर्लो या द्राक्षांच्या, फ्रान्समधल्या बोर्दो भागाच्या पद्धतीच्या ब्लेंडमध्ये हा मधला रुसवा बऱ्याचदा येतो. ताज्या फळांचा वास ओसरलेला असतो, तंबाखू-चामड्याचे वास अजून उघडलेले नसतात. उरलेल्या बाटल्या दोन-तीन वर्षं विसरून जा.

मी एकाच खोक्यातल्या बाटल्या अंतराअंतराने उघडत आलोय. दरवेळी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून वाईनची कड बघतो. आधी जांभळट होती, मग माणकासारखी, आता विटकरी. टॅनिनचे, म्हणजे वाईनला तुरटपणा देणाऱ्या घटकांचे, रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना चिकटत मोठे होतात, त्यातले काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून रंग उतरतो आणि जिभेवरचा तुरटपणाही मऊ होतो. आंबटपणा मात्र तसाच राहतो. फळ संपलं की तोच बोचतो, आणि मग मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

मर्लो जास्त असेल तर साधारणपणे लवकर पिण्याजोगी होते, पण पिकाचं वर्ष आणि साठवण यांनी हे गणित सहज उलटतं. १२-१३ अंश सेल्सिअसला, अंधारात, आडवी ठेवा.

एक राहिलंच: जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करा आणि ओतताना गाळ गळ्याशी आला की थांबा. तासन्‌तास डिकँटरमध्ये (वाईन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ठेवू नका, नाजूक वास तेवढ्यात उडून जातात.