पंच्याहत्तरीनंतर किती फिरायचं?

सातारकर_आजोबा
नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सध्या दोन तट पडलेत. मे महिन्यात केदार-बद्रीचा बेत आहे. माझं वय ७६, सौ. ७२ वर्षांची. मी नाही म्हटलं, तर मंडळी म्हणतात, आता नाही तर कधी?

माझं मत असं की पंच्याहत्तरी ओलांडली की वर्षातून एकच मोठा प्रवास करावा, आणि तोही एका गावी मुक्काम टाकून. आठ दिवसांत सहा ठिकाणं, पहाटे पाचला बॅगा खोलीबाहेर, जेवणाच्या आधी दोन देवळं आणि नंतर तीन, हे साठीत जमत होतं. आता अशा सहलीहून आल्यावर शीण जायला महिना लागतो, आणि बघितलेलं काही लक्षातही राहत नाही.

केदारनाथचं म्हणाल तर मंदिर ३,५८३ मीटर उंचीवर आहे. हवेतला प्राणवायू तिथं खालच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी मिळतो. हेलिकॉप्टरनं गुडघे वाचतात हे खरं, पण खालच्या फाटा गावाहून काही मिनिटांत तुम्ही थेट वर. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. अमरनाथ यात्रेला सत्तरीनंतर परवानगीच देत नाहीत, ते उगाच नव्हे.

अकोलेकर_भाऊसाहेब
काका, मुळीच पटलं नाही. ‘वर्षातून एकच’ हा हिशेब पंचेचाळिशीतल्या माणसानं करावा. आपल्याकडे वर्षं किती उरलीत?

माझंच सांगतो. मी राज्य सरकारी नोकर, ५८ व्या वर्षी निवृत्त. तेव्हा पेन्शनचा काही भाग विकून, म्हणजे त्याची रक्कम एकदम आगाऊ घेऊन, मुलीचं लग्न आणि घराचं काम केलं. विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत झाली, म्हणजे ७३ व्या वर्षी. साठ ते सत्तर, पाय धड होते तेव्हा हात आखडता होता. आता कुठे चार पैसे सुटले तर तुम्ही म्हणता बेतानं घ्या. माझं ठरलंय, जोवर जिना चढता येतो तोवर वर्षातून तीन-चारदा बाहेर पडणार. वयावर काय आहे? आमच्या गल्लीत ८१ वर्षांचे गृहस्थ पायी वारी करतात आणि ६६ वर्षांचे एक जण दारातल्या खुर्चीवरून हलत नाहीत.

मंगल_डोंबिवली
सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून लिहिते. काका, तुम्ही निवृत्त झालात, काकू झाल्या का? ‘एका गावी मुक्काम’ छान वाटतं ऐकायला. पण भाड्याच्या घरात महिनाभर राहायचं म्हणजे तिथंही सकाळी चहा कोण टाकणार, भाजी कोण निवडणार? आमच्या ह्यांनी कोकणात असाच पंधरा दिवसांचा मुक्काम ठरवला होता. समुद्र मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला.

मला ती धावपळीची बसचीच सहल आवडते. सकाळी उठलं की नाश्ता समोर येतो. आज काय करू, हा प्रश्न सात दिवस डोक्यात येत नाही. पाय दुखतात, दुखू देत. घरी उभ्यानं पोळ्या लाटूनही दुखतातच.

सातारकर_आजोबा
मंगलताई, स्वयंपाक करायला लागेल असा मुक्काम मी धरतच नाही. दापोली, गुहागर, मालवण, कुठेही घरगुती जेवणासकट खोल्या मिळतात. खोली तळमजल्याची मागायची, संडास कमोडचा आहे का ते फोनवरच विचारायचं आणि दोन्ही वेळचं जेवण आधी सांगून ठेवायचं. जेवणाचे पैसे वाचवायचे असतील तर जाऊच नये, इथपर्यंत मी तुमच्याशी सहमत आहे. पण रोज गाव बदलणं नको, हे माझं म्हणणं कायम.

सूतगिरणीवाला_इचलकरंजी
सरकारी पेन्शनवाल्यांची चर्चा चालू आहे, चालू द्या. आमची ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांची पेन्शन. किमान रक्कम २०१४ साली हजार रुपये केली, ती वाढवा म्हणून म्हातारी माणसं आंदोलनं करताहेत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना ४० आणि बायकांना ५० टक्के, मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून आली नाही. किती फिरायचं हे आमच्याकडे खिसा ठरवतो.

पण ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीवरच्यांना राज्याच्या हद्दीत एसटी फुकट झाली आणि मी खऱ्या अर्थानं बाहेर पडलो. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. तुळजापूर, अक्कलकोट झालं. गाणगापूर कर्नाटकात, म्हणून तिथं हद्दीपासून पुढचं भाडं खिशातनं. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी नियम एकच पाळतो, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. वर्षातून एक प्रवास म्हटलात तर माझ्यासारख्याचा आनंदच गेला की हो.

लेक_पुण्याची
कुणीतरी मुलांच्या बाजूनं बोलायला हवं. मागच्या वर्षी बाबा (७८) उत्तरेत सहलीला गेले असताना हॉटेलच्या न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. बाकीचा ग्रुप दुसऱ्या दिवशी पुढे गेला, जाणारच, चाळीस माणसं थांबणार कशी? ऑपरेशन तिथंच करायचं की इकडे आणायचं, हे मी रात्री दीड वाजता फोनवर ठरवत होते. झोपवून विमानानं आणायचं तर स्ट्रेचरसाठी कितीतरी सीटा अडतात, त्या सगळ्यांचे पैसे आणि वर डॉक्टरची परवानगी. आई परक्या गावात, भाषा येत नाही, एकटी बाकावर बसलेली.

फिरा, पण आम्हाला विचारून. धावायचं आम्हालाच असतं.

अकोलेकर_भाऊसाहेब
लेकी, तुझ्यावर आलेला प्रसंग वाईटच. पण न्हाणीघर घरीही असतं. विचारून म्हणजे परवानगी घेऊन का? आयुष्यभर साहेबाकडे रजेचे अर्ज दिले, आता लेकरांकडे देऊ? कळवून जाईन, कागदपत्रांची प्रत देऊन जाईन, विम्याचं कार्ड खिशात ठेवीन. एवढं माझं कर्तव्य. जायचं की नाही ते मी ठरवणार.

लेक_पुण्याची
भाऊकाका, परवानगी नव्हे. बाबांना आधी दोनदा चक्कर आली होती, ती त्यांनी सहल रद्द होईल म्हणून लपवली. तेवढं लपवू नका, बाकी कुठेही जा.

निवृत्त_सिस्टर_नाशिक
हा लपवण्याचा मुद्दा मोलाचा आहे, म्हणून जरा लांब लिहिते. सरकारी दवाखान्यात उभी नोकरी गेली. सहलीहून परतलेले रुग्ण खूप पाहिले आणि त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसायची. बीपीच्या किंवा हृदयाच्या आजारात लघवीची गोळी असते. बस तीन-तीन तास थांबत नाही, म्हणून माणसं प्रवासाच्या दिवशी ती गोळीच घेत नाहीत. बायका तर पाणीही पीत नाहीत, वाटेतल्या संडासांची दशा बघून. एक दिवस निभतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणाच्या पायावर सूज, धाप, तर कुणाला उठताना चक्कर. लोक म्हणतात प्रवास बाधला.

निघण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, ही गोळी मुक्कामावर पोचल्यावर घेतली तर चालेल का? मनानं वेळ बदलू नका आणि बंद तर मुळीच करू नका. म्हणूनच मी आजोबांच्या बाजूची. एका जागी राहिलं की गोळ्या, झोप आणि पोट, तिन्ही वेळेवर राहतात.

सातारकर_आजोबा
आभार सिस्टर. संघाला केदारनाथचं नाही कळवलं. सौ.ला गिरनारची फार इच्छा आहे, तर थंडीत तिकडे जाऊ. जुनागढला चार दिवस मुक्काम आणि वर रोपवेनं.

अकोलेकर_भाऊसाहेब
जा काका, पण माहिती घेऊन जा. रोपवे डोंगरावरच्या अंबाजीच्या देवळापर्यंतच आहे. दत्तशिखरापर्यंत पुढं जवळजवळ निम्म्या पायऱ्या उरतात, आणि मधे गोरखनाथ शिखर चढून, उतरून परत चढायचं. येताना तीच कसरत उलटी. काकूंना पादुकांचं दर्शन घ्यायचं असेल तर डोली करा, तिचा दर वजनावर असतो, खालीच ठरवून घ्या. आणि वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून तुमचे ते चार दिवस तेवढे बरोबर आहेत.