‘एकेरी उल्लेख’ नेमका कुठे होतो? (दादर, गिरगाव, परळ आणि गोरेगाव इथल्या चौघांचा संवाद)

दादर : विधानभवनात गदारोळ झाला किंवा शिवाजी पार्कवर सभा गाजली की बातमीत ‘एकेरी उल्लेख’ हा शब्द हमखास येतो. बोलणारा म्हणतो, मी शिवी दिली नाही, पदही नीट घेतलं. मग वाक्यात एकेरी झालं ते कुठे? नावात, क्रियापदात, की ‘साहेब’ न लावण्यात? आणि ‘जी’, ‘मा.’, ‘ना.’ लावले की मान राखला असं धरायचं का?

गिरगाव : मराठीत मान मुख्यतः वचनात असतो. ‘टिळक म्हणाले’, ‘आंबेडकरांनी लिहिलं’ यांत नुसतं आडनाव आहे, तरी मान पुरा आहे. उलट ‘माननीय मंत्री झोपला होता काय?’ यात ‘माननीय’ असूनही अपमान व्हायचा तो झालाच.

वचन कुठे दिसतं ते काळावर ठरतं. ‘मंत्री आला’ आणि ‘मंत्री आले’ हा फरक कानाला लगेच कळतो. पण सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्मामागे जातं. ‘मंत्र्याने फाइल पाहिली’ आणि ‘मंत्र्यांनी फाइल पाहिली’, दोन्हीकडे ‘पाहिली’ फाइलमुळे आलंय. मंत्र्यांचा मान क्रियापदात दाखवायला जागाच उरत नाही, सगळा भार विभक्तीवर येतो. त्यातही ने-नी आणि ला-ना यांत अक्षर बदलतं, म्हणून चूक डोळ्याला दिसते. चा-ची-चे, शी, कडे, साठी यांच्याआधी मात्र फक्त टिंब असतं : ‘मंत्र्याकडे’, ‘मंत्र्यांकडे’. मोबाइलवर टंकताना ते टिंब सुटलं की लिहिणाऱ्याच्या मनात नसताना एकेरी उल्लेख होतो. मुद्रितशोधनात पुढाऱ्यांच्या नावापुढचे हे प्रत्यय वेगळे तपासावेत, सलग वाचनात ते निसटतात.

परळ : म्हणूनच वृत्तपत्रांत ‘अमुक यांनी’ ही रचना रुळली. नाव जसंच्या तसं राहतं, सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्ययाआधी शब्द बदलण्याची, भानगड नाही, मान ‘यांनी’त येतो. पण त्याच साच्यातलं ‘याने’ गुन्हेवार्तेत आरोपीसाठी ठेवलेलं असतं. साधा माणूस पकडला गेला तर पहिल्याच दिवशी ‘याला अटक’ आणि पुढारी पकडले गेले तर ‘यांना अटक’, ही विषमता मला फार खटकते. गुन्हा कुणाचाच सिद्ध झालेला नसतो. दोघांनाही ‘यांना’च हवं.

आदराच्या भरात होणारी एक चूक : ‘एका मंत्र्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर सांगितलं’. ‘एका’ आलं की पुढे ‘मंत्र्याने’च. तिथलं एकवचन संख्येचं आहे, त्यात अनादर नाही. ‘एका’ काढून नुसतं ‘मंत्र्यांनी’ लिहिलं तर एक की अनेक, हे वाचकाला कळणार नाही.

दादर : ईकारान्त आडनावांचं काय? ‘जोशींनी’ की ‘जोश्यांनी’?

गिरगाव : ‘गडकऱ्यांची नाटकं’ हे जुनं आणि पूर्ण आदराचं रूप आहे. आता आडनाव न मोडता ‘गडकरींनी’, ‘जोशींनी’ लिहितात. दोन्ही चालतं. पदनामाला मात्र ही सवलत नाही. ‘मुख्यमंत्रींनी’ चूक, ‘मुख्यमंत्र्यांनी’ बरोबर. ‘राष्ट्रपतींनी’ बरोबर, कारण ‘पती’चं सामान्यरूप ‘पत्या’ होत नाही.

गोरेगाव : वचनाचा नियम मान्य, पण तो एकटा पुरत नाही. ‘कोण आला रे कोण आला, शिवसेनेचा वाघ आला’ ही घोषणा एकवचनी आहे आणि तिच्यात भक्तीच आहे. आपण विठोबाला, आईलाही ‘तू’च म्हणतो. खेळाच्या पानावर ‘सचिनने शतक ठोकलं’ कुणालाच खुपलं नाही. तेच सचिन 2012मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले आणि राजकीय बातमीत ‘खासदार सचिन तेंडुलकर यांनी’ झाले. माणूस तोच, पान बदललं. एकेरी शब्द जवळिकीचा की तुच्छतेचा, हे बोलणाऱ्याचं नातं ठरवतं. म्हणून कार्यकर्त्याच्या तोंडचा ‘आला’ आणि विरोधकाच्या तोंडचा ‘आला’ एका मापाने मोजू नये.

बायकांच्या बाबतीत ‘बाई’ हा शब्द तपासून पाहा. नावाला जोडला की मान : अहिल्याबाई, दुर्गाबाई. सुटा आणि मागे ‘त्या’ लावून, ‘त्या बाई काय बोलतात!’ म्हटलं, तर क्रियापद आदरार्थी असूनही मान जातो. मृणाल गोरे यांना गोरेगावात ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते कौतुकाने. 1977मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ हे वाक्य तोंडोतोंडी झालं. एकाच वाक्यात पहिली ‘बाई’ आपली आहे, दुसरी टोमण्याची.

‘महाशय’ आणि ‘हे गृहस्थ’ यांचंही तेच. व्याकरण आदराचं, अर्थ हिणवण्याचा. यात एकेरी काहीच नसल्याने हरकत घेणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळत नाही.

परळ : नातेवाचक शब्दांबद्दल. वसंतदादा, आर. आर. आबा, अमुकताई : इथे ‘दादा’, ‘आबा’ नावाचाच भाग झालेत. ‘यशवंतराव’मधला ‘राव’ही तसाच. रूढ झालेला असा भाग गाळला की वचन नीट ठेवूनही लोकांना बोचतं. ‘जी’ची गोष्ट वेगळी. ‘गांधीजी’ मराठीत मुरलं आहे, पण आज प्रत्येक पुढाऱ्याच्या नावाला ‘जी’ लागतो तो हिंदी सभांमधून आला. तो न लावल्याने मराठीत काही कमी होत नाही.

दादर : आणि फलकांवरचे ‘मा.’, ‘ना.’?

गिरगाव : ‘ना.’ म्हणजे नामदार. इंग्रजी अमदानीत कायदेमंडळाच्या सभासदांना तो लागे, म्हणून ‘नामदार गोखले’. आता फलकांवर तो मंत्र्यांना लावतात. आमदारांना ‘आ.’, खासदारांना ‘खा.’. ‘मा.’ने घोटाळा होतो : ‘मा. आमदार’ म्हणजे माननीय की माजी? उपाय एकच, ‘माजी’ नेहमी पूर्ण लिहावं. ‘महामहिम’ आता लिहू नये. 2012मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी तशी संबोधनं बाजूला ठेवायला सांगितलं, तेव्हापासून ‘माननीय’ पुरतं.

सभागृहात बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, समोरच्या सदस्याला थेट ‘तुम्ही’ही म्हणायचं नसतं. त्यांचा उल्लेख ‘सन्माननीय सदस्य’ असा तृतीय पुरुषात होतो. अर्जात, निवेदनात आज्ञार्थ टाळून विध्यर्थ वापरतात : ‘लक्ष द्या’ ऐवजी ‘आपण लक्ष द्यावे’. मोर्च्यात ‘राजीनामा द्या’ ओरडतात तेव्हाही क्रियापद आदरार्थीच असतं, त्याचा ‘दे’ झाला की मात्र एकेरीवर आलो.

गोरेगाव : स्थानकाचं उदाहरण राहिलं. मुंबईच्या व्हीटीचं (व्हिक्टोरिया टर्मिनसचं) 1996मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. ‘छत्रपती’ असूनही नावात उणीव वाटत राहिली आणि 2017मध्ये ‘महाराज’ आलं. पुढच्या वर्षी विमानतळाच्या नावातही. जुन्या इतिहासलेखनात ‘शिवाजीने किल्ला घेतला’ असं सर्रास आढळतं, त्या लेखकांच्या मनात अनादर नव्हता. जुना मजकूर उद्धृत करताना ते तसंच ठेवावं, बदलू नये. स्वतःच्या वाक्यात ‘महाराजांनी’ लिहावं.