‘कीपर’ची फाळणी झाली, हे चांगले झाले की वाईट?

तापीकाठ (जळगाव)

काल ‘सातपुडा’ यांनी लिहिले की हेलोवीन या जर्मन मेटल बँडच्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे १९८७ आणि १९८८ साली आलेले दोन भाग म्हणजे रेकॉर्ड कंपनीने केलेली फाळणी आहे, पहिला भाग ही दुसऱ्याची पूर्वतयारी आहे, आणि आजच्या श्रोत्याने दोन्हींतली निवडक गाणी एकत्र करून ‘खरा’ अल्बम ऐकावा. हे वाचून मला मनापासून वाईट वाटले, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

हॅम्बुर्गच्या या पोरांना दुहेरी अल्बम काढायचा होता आणि ‘नॉइज’ कंपनीने तो काढू दिला नाही, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या निष्कर्षाला आहे. पहिला भाग सुमारे ३७ मिनिटांचा आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा छोटा तुकडा सोडला तर त्यात सहाच गाणी उरतात, आणि त्यांपैकी चार एकट्या गिटारवादक काय हान्सेनची आहेत. दुसरा गिटारवादक वाइकाथ याच्या नावावर तिथे एकच गाणे आहे. दुसऱ्या भागात पारडे फिरते. दार उघडणारे ‘ईगल फ्लाय फ्री’ वाइकाथचे, आणि दार लावून घेणारे तेरा मिनिटांचे शीर्षकगीतही त्याचेच. एक भाग हान्सेनच्या मनाचा आणि दुसरा वाइकाथच्या. दोघांचे स्वभाव वेगळे होते आणि ते वेगळेपण दोन स्वतंत्र तबकड्यांवर स्पष्ट ऐकू येते. एकाच दुहेरी अल्बममध्ये ही गाणी सरमिसळ होऊन बसली असती, तर आपल्याला दोन उत्तम अल्बमऐवजी एक लांबलचक अल्बम मिळाला असता. कंपनीचा हेतू काहीही असो, तिच्या निर्णयाने संगीताचे भलेच झाले.

आणि ‘पूर्वतयारी’ हा शब्द ‘हॅलोवीन’सारखे तेरा मिनिटांचे गाणे ज्या अल्बमवर आहे त्याला लावणे हा अन्याय आहे.

सातपुडा (चोपडा)

तापीकाठ दादा, आपण माझ्या म्हणण्याचा विपर्यास केला आहे. पूर्वतयारी म्हणजे टाकाऊ असे मी कुठेही म्हटलेले नाही. पहिल्या भागाच्या शेवटी जो दोन मिनिटांहून लहान तुकडा आहे, तो पुन्हा एकदा ऐका. तो काहीही संपवत नाही. तो पुढच्या गोष्टीकडे बोट दाखवतो आणि थांबतो. ज्या अल्बमचा शेवटच ‘पुढे या’ असे सांगतो, तो स्वयंपूर्ण आहे हे मी कसे मान्य करावे? दोन्ही भाग जोडले तरी चार बाजूंवर प्रत्येकी बावीस मिनिटांच्या आसपास सहज बसले असते. अडचण संगीताची नव्हती, पैशांची होती.

माझ्यासाठी हा प्रश्न ऐकीव नाही. २००४ साली मी जळगावला वसतिगृहात होतो. पुण्याहून सुट्टीला आलेल्या एका मित्राने दोन्ही सीडी आणल्या आणि आम्ही त्या नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटवर उतरवल्या: पहिला भाग ए बाजूला, दुसरा बी बाजूला. ए बाजूला आठ मिनिटे रिकामी राहिली. बी बाजूला मात्र फीत पुरली नाही. शीर्षकगीताची चारेक मिनिटे होतात, गायक किस्केचा आवाज चढू लागतो आणि खट् आवाज करून टेप बंद पडतो. त्या गाण्याची उरलेली नऊ मिनिटे मी पुढची दोन वर्षे ऐकलीच नाहीत. ते कसे संपत असेल याच्या कल्पना करत मी परीक्षा दिल्या आहेत. त्या कॅसेटने मला शिकवले की ही एकच वस्तू आहे.

भुसावळ जंक्शन

सातपुडा भाऊ, आपली गोष्ट वाचून जीव हळहळला, कारण हे टाळता आले असते. ए बाजूला आठ मिनिटे उरली होती ना? दुसऱ्या भागाची एका मिनिटाची प्रस्तावना आणि त्यानंतरचे पाच मिनिटांचे ‘ईगल फ्लाय फ्री’ तिथेच घ्यायचे होते. उरलेला सगळा दुसरा भाग बी बाजूला मावला असता. रेल्वेत वेळापत्रक सांभाळण्यात आयुष्य गेले, त्यामुळे मोकळी मिनिटे वाया गेलेली मला सहन होत नाहीत.

सातपुडा

हा हिशेब एलपी तबकडीचा झाला. आमच्याकडे सीडी होती आणि सीडीवर ‘सेव्ह अस’ हे हान्सेनचे गाणे जास्तीचे आहे. सीडीची लांबी ५४ मिनिटांच्या घरात जाते. त्यातून सहा मिनिटे ए बाजूला नेली तरी ४८ उरतात आणि बाजू ४५ मिनिटांची. शेवट तरीही तुटलाच असता.

भुसावळ जंक्शन

मग ‘सेव्ह अस’ वगळायचे होते! एलपीवर ते नव्हतेच, म्हणजे त्याच्याशिवाय अल्बम अपुरा राहत नाही. ते वगळले की ४३ मिनिटे होतात आणि दोन मिनिटे हाताशी राहतात.

सातपुडा

कोणतेही गाणे वगळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तापीकाठ

सातपुडा, हा प्रश्न आपण विचारावा याचे मला आश्चर्य वाटते. निवडक गाण्यांची यादी करा असा सल्ला काल आपणच दिला होता. ती यादी करताना गाणी वगळली जात नाहीत का?

आणखी एक सांगतो. आपला राग कंपनीवर आहे असे आपल्याला वाटते, पण तो त्या नव्वदच्या कॅसेटवर आहे. ज्याने १९८८ मध्ये दुसरा भाग एलपीवर घेतला, त्याचे शीर्षकगीत तुटले नाही. तोडले ते आपल्या फितीने.

नंदुरबारी

दोन्ही बाजू एका चुकीच्या गृहीतकावर भांडत आहेत, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. खरा हेलोवीन १९८५ च्या ‘वॉल्स ऑफ जेरिको’वर आहे, जिथे हान्सेन स्वतः गातो. तो आवाज खडबडीत आहे, सुरात काटेकोर नाही, पण त्याला धार आहे. किस्के आला आणि सगळे गुळगुळीत झाले. पुढे युरोपात ज्यांनी ज्यांनी पॉवर मेटल, म्हणजे वेगवान आणि सुरेल मेटल, केले, त्यांतल्या निम्म्यांनी किस्केच्या उंच आवाजाची नक्कल करण्यात आयुष्य घालवले. फाळणीची चर्चा करायची असेल तर त्या फाळणीची करा.

तापीकाठ

हे लिहिण्याआधी आपण किस्केचे वय लक्षात घेतले होते का? तो बँडमध्ये आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्या वयात ‘अ टेल दॅट वॉझन्ट राइट’सारखे संथ गाणे इतक्या संयमाने गाणाऱ्या मुलाला ‘गुळगुळीत’ म्हणणे मला अजिबात पटत नाही. हान्सेनला एकाच वेळी गिटार वाजवून गाणे जड जात होते, म्हणून गायक शोधला गेला. त्यामुळे त्याचा हात मोकळा झाला आणि त्या मोकळ्या हाताने त्याने पहिला भाग लिहिला. आपल्या आवडत्या हान्सेनचे सर्वांत चांगले लेखन किस्के आल्यावरच झाले आहे.

नंदुरबारी

‘फ्यूचर वर्ल्ड’पुरते मान्य करतो. त्याहून पुढे जाणार नाही.

पांझराकाठची (धुळे)

मी इतका वेळ वाचत होते. मिनिटांचा हिशेब झाला, लेखकांची मोजदाद झाली, गायकाचे वय निघाले. पण इतक्या उत्तरांत ड्रमवादक इंगो श्विख्टेनबर्गचे नाव एकदाही आले नाही, याचा मला राग आला आहे.

आमच्याकडे भारनियमनाच्या काळात संध्याकाळी वीज जायची, तेव्हा मी आणि माझा भाऊ टेपमध्ये सेल घालून हाच अल्बम ऐकायचो. सेल उतरू लागले की फीत मंदावते. किस्केचा आवाज आधी नेहमीच्या माणसासारखा व्हायचा, मग म्हाताऱ्यासारखा. गिटार तर ओळखूच यायच्या नाहीत. पण त्या मंद गतीतच मला पहिल्यांदा ड्रम सुटे सुटे ऐकू आले. एरवी जो पायांचा सलग गडगडाट वाटायचा, त्यात उजवा आणि डावा पाय वेगळे कळू लागले आणि प्रत्येक ठोका आपल्या जागेवर होता. भाऊ सेल काढून उन्हात ठेवायचा आणि आम्ही पुन्हा तेच गाणे लावायचो. ‘ईगल फ्लाय फ्री’च्या मध्यावर गिटारनंतर बास आणि ड्रम यांनाही एकेक वाटा मिळतो, तेवढा तुकडा मी उतरलेल्या सेलवर कितीदा ऐकला असेन याची गणती नाही.

तापीकाठ दादा म्हणतात की एक भाग हान्सेनचा आणि एक वाइकाथचा. मग दोन्ही भागांना एकच चाल कोणी दिली? लेखक बदलला, पण दोन्ही भागांत ड्रमवर इंगोच होता आणि बासवर ग्रोसकोप्फच. त्या दोघांकडे पाहिले तर सातपुडा भाऊंचे म्हणणे खरे ठरते. ही एकच वस्तू आहे. इंगो १९९५ मध्ये गेला. किस्के आणि हान्सेन परत आल्यावर २०२१ मध्ये जो अल्बम आला, त्याचे ड्रम बँडच्या नंतरच्या ड्रमवादकाने, डानी लोब्लेने, इंगोच्याच जुन्या ड्रमसंचावर वाजवले. त्या बँडला जे आठवले, ते आपल्याला आठवू नये?

सातपुडा

ताई, आपण माझी बाजू घेतली म्हणून नव्हे, पण इंगोचे नाव मी पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. चूक माझी आहे.

आता तापीकाठ दादांना एक प्रश्न. फाळणी इतकी हितकारक होती, तर दुसऱ्या भागानंतर हान्सेन बाहेर का पडला? १९९० मध्ये त्याच्या ‘गामा रे’चा पहिला अल्बम आला आणि हेलोवीनचा पुढचा स्टुडिओ अल्बम यायला १९९१ उजाडले. एकत्र काम एकत्र प्रकाशित झाले असते, तर कदाचित माणसेही एकत्र राहिली असती.

तापीकाठ

‘कदाचित’वर मी वाद घालू शकत नाही. माणसे का वेगळी झाली, याचे कारण अल्बमच्या वेष्टनात शोधणे मला योग्य वाटत नाही. पण ताईंचा मुद्दा मला खोडता येत नाही, हे कबूल करतो. काल रात्री दोन्ही भाग सलग लावून मी फक्त ड्रम ऐकले. पहिल्या भागाचा शेवटचा तुकडा संपून दुसऱ्याची प्रस्तावना सुरू झाली, तेव्हा मला उठून काही बदलावेसे वाटले नाही. लेखनाच्या दृष्टीने मी अजूनही हे दोन अल्बम मानतो आणि ‘पूर्वतयारी’ हा शब्द आपण मागे घ्यावा अशी माझी अजूनही मागणी आहे.

सातपुडा

शब्द मागे घेतो. मत नाही.

भुसावळ जंक्शन

माझ्याकडे नव्वदची एक कोरी कॅसेट आणि चालू स्थितीतला टेप आहे. ‘सेव्ह अस’ कुठे बसवायचे एवढेच ठरवा. पहिल्या भागातले काही काढून तिथे घ्यायचे असेल, तर ते कोणते, हे तापीकाठ दादांनी सांगावे.

तापीकाठ

पहिल्या भागातले काहीही काढू देणार नाही. दोन कॅसेट घ्या.