ठाण्यातल्या फ्लॅटसाठी स्वस्त कोळशाची शेगडी

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात महिनाभर ठाण्याला मुक्काम आहे. सहा-सात जणांपुरतं पनीर, बांगडे, कणसं भाजायची आहेत. ऑनलाइन मिळणारी घडीची पत्र्याची बार्बेक्यू पेटी स्वस्त दिसते. बाल्कनी ६ बाय ४ फूट, ग्रिल आणि सरकत्या काचा. चालेल का?
— अ., दोहा

—

अ.,
बाल्कनीत नाही. काचा सताड उघड्या ठेवल्या तरी नाही. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. धूर थांबला म्हणजे धोका टळला असं वाटतं, पण निखारे बिनधुराचे झाले तरी वायू निघतच असतो. सोसायटीची मोकळी गच्ची बघा, सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घ्या. रेफ्युज एरियात मात्र मांडू नका, ती जागा आगीच्या वेळी माणसांनी थांबायची आहे.

आता पेटी. पत्रा पातळ असल्यामुळे दोन-तीनदा तापला की तळ वाकतो आणि पाय डुगडुगतात. ते एक वेळ चालेल. खरी खोट हवेची. पुष्कळ पेट्यांना भोकं फक्त बाजूला असतात, कोळसा थेट तळावर बसतो, राख साचली की खालून हवा तुटते आणि निखारे मरतात. मग आपण पंख्याने वारा घालतो आणि राख पनीरवर. कोळशासाठी वेगळी जाळी असलेली पेटीच घ्या, जाळीखाली निदान ३-४ सेंटिमीटर जागा हवी. हार्डवेअरच्या दुकानातली जस्ताचा मुलामा दिलेली जाळी कापून बसवू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, भडकलेल्या निखाऱ्यांत त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो.
— शि., घोडबंदर रोड

—

शि. काकांचं सगळं मान्य, पण पेटी घ्यायचीच कशाला? जुन्या पद्धतीची बिडाची शेगडी घ्या, १२ इंची. जाळी आतच असते, राखेचं तोंड खाली असतं, वाकायचा प्रश्न नाही. जड असते एवढंच.

खाली विटांचे दोन थर द्या, वरच्या थरात फटी सोडून. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये डांबर असेल तर शेगडीच्या धगीने ते मऊ पडतं, आणि मग वरच्या मजल्यावरचे लोक पावसाळ्यात तुमची आठवण काढतात. वाळत घातलेले कपडे आधी काढायला सांगा.

कोळसा लोणारी, म्हणजे लाकडाचाच हवा, दगडी अजिबात नाही. कुठे मिळतो ते कोळशाची इस्त्री वापरणाऱ्या नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. सात जणांना दीड किलो पुरतो. लिंबाएवढे तुकडे वेचून घ्या, चुरा टाकला की हवेची वाट बंद. पावसाळाभर पडून असलेला माल दमट असतो, तो तडतडून ठिणग्या उडवतो. एक दिवस कडक उन्हात पसरा.

रॉकेल नको, वास अन्नाला लागतो. पत्र्याचा मोठा डबा वर आणि तळाला, दोन्ही बाजूंनी कापून आरपार मोकळा करा, खालच्या कडेला सात-आठ भोकं पाडा, एकदा रिकामाच तापवून रंग जाळून टाका. मग शेगडीवर उभा करून तळाशी चुरगळलेला कागद आणि दोन-तीन कापराच्या वड्या, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांवर करडी राख दिसली की चिमट्याने डबा उचला. त्याआधी काहीही भाजू नका, कापराचा वास राहतो.
— मा., वाशी

—

मा. ताई, आच किती हे कसं ओळखायचं? बांगडा दरवेळी जाळीला चिकटतो, तो का?
— अ.

—

भाजायची जाळी जिथे येते तेवढ्या उंचीवर तळवा धरा. दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर आच तेज, चार-पाच टिकला तर मध्यम. निखारे अर्ध्या बाजूलाच लोटा, म्हणजे भडका उडाला की सरकवायला जागा राहते. कणीस तेज बाजूला, पनीर मध्यमवर. दह्याच्या मसाल्यात तेल बेताचं घाला, कारण भडका ठिबकणाऱ्या तेलानेच होतो.

बांगडा चिकटतो तो थंड जाळीमुळे. जाळी दहा मिनिटं तापवा, अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावरून फिरवा, मासा कोरडा पुसून ठेवा, आणि तो स्वतः सुटेपर्यंत हात लावू नका. भरताचं वांगं जाळीवर नाही, सरळ निखाऱ्यांत.

विझवायला पाणी ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. उरलेले निखारे घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात, डबा विटांवर. राख दुसऱ्या दिवशीसुद्धा आतून गरम असू शकते, सोसायटीच्या प्लास्टिकच्या डस्टबिनमध्ये ती नको.
— मा.

—

एक राहिलं. उरलेला कोळसा दोह्याला न्यायचा विचार असेल तर सोडा. विमानाच्या नियमांत तो आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतो. इस्त्रीवाल्याला देऊन टाका.
— शि.