वांद्रे पश्चिमेला सिनेतारे सोडून नक्की कोण राहतं?

लष्करची_सुमेधा
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या लष्कर भागातलेच. मुलीला वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी लागली आहे आणि ती मैत्रिणीबरोबर वांद्रे पश्चिमेला, पाली गावठाणाच्या आसपास घर बघते आहे. इथे वांद्रे म्हटलं की जो तो पाली हिलचे बंगले नि नटनट्यांची नावं सांगतो. दाणाओळीतल्या वहिनी तर म्हणाल्या, "तिथे आपलं मराठी बोलणारं कुणी भेटायचं नाही." भाड्याचं ती बघून घेईल, मला माणसं कळायला हवीत. कोण लोक आहेत, कुठून आले, घरात काय बोलतात, शेजार कसा आहे?

पाटणकर_बाजारवाले
सुमेधाताई, नोकरीत असताना मी वांद्र्याच्या रणवार गावठाणात एका ईस्ट इंडियन बाईंच्या माडीवर भाड्याने राहायचो. तुमच्या वहिनींना आधी हे सांगा की वांद्र्याचे जुने रहिवासी मूळचे मराठीच बोलणारे. गळ्यात क्रूस, रविवारी चर्च, आणि जुन्या पिढीच्या घरात मराठी. हे साष्टीतले, म्हणजे मुंबई शहराच्या उत्तरेकडच्या बेटावरचे, मूळचे कोळी, शेतकरी, भंडारी. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. तिथलं सेंट अँड्र्यू चर्च १५७५ चं आहे. पुढे गोव्याचे नि मंगळूरचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा त्यांच्याहून आपण निराळे हे सरकारला कळावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. आमच्या आंटी मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, मसाला कुटून बाटल्यांत दाबून भरायच्या, आणि एक बाटली न मागता माझ्या दारात ठेवायच्या. शेजार कसा, विचारलंत ना? असा.

पैसा नंतर आला. १८४५ पर्यंत माहीमहून वांद्र्याला यायला होडी लागे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी पदरचे १,५७,००० रुपये घातले आणि खाडीवर रस्ता झाला. मग रेल्वे आली. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातले लोक मोकळ्या हवेसाठी उपनगरांत सरकले. गावठाणांच्या तोंडाशी त्या साथीत उभारलेले क्रूस अजून आहेत. मुलीला म्हणावं, पत्ता सांगायला ते कामाला येतात. पारशी, बोहरी, खोजे, फाळणीनंतर सिंधी, असे थर चढत गेले. बंगले पडून इमारती झाल्या, समुद्राकडची घरं सोन्याच्या भावाची झाली.

पण चिंबईच्या कोळीवाड्यात आजही कोळी होड्या ओढतात, आणि त्याच किनाऱ्याने पुढे गेलं की देशातल्या अतिशय महागड्या फ्लॅटांपैकी काही. जुन्या ख्रिस्ती घरांत आता बहुतेक म्हातारी माणसंच दिसतात, मुलं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला. संध्याकाळी ती ओट्यावर बसतात. मुलीला सांगा, येता-जाता दोन शब्द बोलत जा. त्यांना खरंच हवं असतं ते.

साल्बाई_१७८२
यात आपल्या ग्वाल्हेरचा धागा आहे, तो कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. वांद्रे हे साष्टीचं दक्षिण टोक. १७३७-३९ च्या वसई मोहिमेत चिमाजीअप्पांनी साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती बळकावली. तिच्यावर कायमचा शिक्का कुठे बसला? आपल्या ग्वाल्हेरजवळच्या साल्बाईला झालेल्या तहात, १७ मे १७८२ रोजी, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने. साष्टी कंपनीकडेच राहिली. तिथली ख्रिस्ती गावं आणि मुंबईची वाढ यांची सांगड त्या तहाने घातली, असं माझं मत आहे.

सरकारी_वसाहत_पूर्व
माहेर ग्वाल्हेर, सासर वांद्रे पूर्व. ताई, सगळे पश्चिमेचंच बोलतात, म्हणून आकडे देते. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या एच पश्चिम वॉर्डात ३,०७,५८१ माणसं होती आणि एच पूर्वमध्ये ५,५७,२३९. वॉर्डात खार-सांताक्रूझही येतात, तरी रुळांच्या कुठल्या बाजूला दाटी आहे ते दिसतंच. आमच्याकडे सरकारी वसाहत, कलानगर, लेखकांची साहित्य सहवास, आणि बेहरामपाडा, भारतनगरसारख्या गच्च वस्त्या. पश्चिमेकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांतल्या बायका रोज सकाळी रूळ ओलांडून येतात. 'श्रीमंत उपनगर' म्हणताना त्यांना धरल्याशिवाय वांद्रे पुरं होत नाही. मुलीचं ऑफिसही पूर्वेलाच आहे, तेव्हा दोन्ही बाजू तिच्या ओळखीच्या होतील.

लष्करची_सुमेधा
किती छान लिहिलंत सगळ्यांनी! वहिनींना वाचून दाखवलं. आता एकच काळजी: आम्ही शाकाहारी, आणि ऑफिसातून यायला तिला उशीर होणार. घर मिळताना याची अडचण होते का? तिची मैत्रीण मुसलमान आहे, म्हणूनही विचारते.

पाटणकर_बाजारवाले
शाकाहाराची अडचण नाही, मासे शिजण्याचा वास मात्र येणार, तेवढी मनाची तयारी ठेवा. रात्री हिल रोड, पाली नाका जागे असतात. गावठाणातल्या आतल्या गल्ल्या नऊनंतर शांत होतात, म्हणून घर संध्याकाळनंतर जाऊन बघा.

मैत्रिणीचं मात्र स्पष्ट सांगतो. काही सोसायट्या आडनाव ऐकून, काही अविवाहित मुली म्हणून, घर नाकारतात. मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, पायऱ्यांवर सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन चढतात, बाजार रोडला मशीद नि देऊळ एका हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तिथेच हे चालतं याचा मला फार राग येतो. तेव्हा दलालाला पहिल्याच फोनवर दोघींची पूर्ण नावं सांगा, म्हणजे टोकन दिल्यावर कुणी फिरवाफिरव करणार नाही. गावठाणात घरमालक बहुधा स्वतः तिथेच राहतात, सोसायटीच्या समितीची परवानगी लागत नाही. तिथे आधी विचारा. आणि सामान सप्टेंबरात नेऊ नका. ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोत माउलीची जत्रा असते, वाहतूक वळवतात, टेम्पो दारापर्यंत जाणं कठीण.

सरकारी_वसाहत_पूर्व
घर ठरेपर्यंत दोघींना आमच्याकडे उतरू द्या, ताई. व्यक्तिगत निरोपात पत्ता देते.